देवीचं नाव यादीत नव्हतं

आमच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. अमरावतीहून दर्यापूरकडे जाताना काळ्या मातीचा जो पट्टा लागतो त्यात ते आहे, एवढं पुरे. भीतीपोटी नाव टाळते आहे असं मात्र कोणी समजू नये. आता माझं वय असं झालंय की मला दटावायला कोणी घरी आलं तर मी त्याला चहा पाजते आणि वर दोन गोष्टी सुनावून वाटेला लावते. पण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे त्याचा मुलगा आज तिथे निवडून येतो, मी दिसले की वाकून नमस्कार करतो, आणि बापाच्या करणीचा जाब पोराला विचारणं मला बरं वाटत नाही. म्हणून बापाला इथे नुसतं नानाजी म्हणते. बाकी सगळं जसं घडलं तसं आहे, आणि कोणाला झोंबलं तर झोंबू दे.

आम्ही माळी. नदीच्या अंगाला आमचा लहानसा मळा होता, त्यात झेंडू, शेवंती, निशिगंध आणि बाबांच्या हट्टापायी लावलेले गावठी गुलाब. पहाटे फुलं तोडायची, ओल्या गोणपाटात बांधायची, बाबांनी ती सायकलवर लादून स्टँडवर न्यायची आणि अकोल्याच्या बसच्या टपावर चढवायची, हा आमचा रोजचा पाठ. मागे ठेवलेल्या फुलांच्या माळा घरी व्हायच्या. सगळ्यांत मोठी माळ देवीची. गावदेवीच्या देवळात रोजची माळ आमच्या घरून जायची, माझ्या आजोबांच्या वेळेपासून, आणि त्या माळेवरच घराचा महिन्याचा किराणा चालायचा. गुरुवारी दर्ग्याच्या चादरीची फुलंही आमचीच. दोन्हीकडची फुलं एकाच टोपल्यात असत आणि दोन्हींना नियम एकच होता, तोडलेलं फूल हुंगायचं नाही. मी एकदा गुलाब नाकाला लावला होता तेव्हा मायने माझ्या हातावर अशी चापट मारली की सुईसुद्धा धरता येईना.

मायला मी माय म्हणते कारण आम्ही तिला तेच म्हणत होतो. नाव शांता. ती भाविक होती, आणि साधीसुधी भाविक नव्हती. मंगळवार, शुक्रवार उपास, नवरात्रात पायात चप्पल नाही, आरती सुरू झाली की डोळे मिटून उभी राहायची आणि त्या वेळी बाबांनी खोकललेलंही तिला खपत नसे. अंगात येणाऱ्या बायकांवर तिचा विश्वास होता, अंगाऱ्यावर होता, दृष्ट लागण्यावर होता. मी कॉलेजात जायला लागल्यावर तिच्याशी वाद घालून पाहिला, तर तिने मला कढीतले गोळे वळायला बसवलं आणि म्हणाली, "तुह्या पुस्तकात देव नसन तं नसू दे. माह्या घरात हाये." हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे गावाने याच बाईला नास्तिक ठरवलं.

आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून जुबेदाखालांचं घर. तिथून पुढे मुसलमानांची वस्ती सुरू व्हायची, पण वार्ड एकच. खालांचा नवरा आठवडी बाजारांत बांगड्यांचं दुकान लावायचा आणि खाला पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास चालवायच्या. गावातल्या कितीतरी पोरींनी पहिलं पोलकं तिथे बेतलं, मीही तिथेच. माझ्या लहानपणाचा आवाज कोणता म्हणून विचारलं तर मी त्या भिंतीतून येणारी मशीनची घरघर सांगेन. खाला पायडल मारत असताना मधूनच थांबल्या की मायही माळ ओवताना थांबायची आणि भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "काय झालं व, दोरा तुटला काय?" पलीकडून उत्तर यायचं, "नाई व, पोट्टीनं बाही उलटी लावली!" दोघींचं खाणंपिणंही असंच भिंतीवरून. खालांना मायच्या हातची अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर लागायची, मायला ईदचा शीरखुर्मा. मात्र पलीकडे मटण शिजलं की माय त्या दिवशी तिकडचं पाणीही घेत नसे, आणि खालांना ते ठाऊक असल्यामुळे त्या देतही नसत. यावरून दोघींचं कधी बिनसलं नाही. आमच्याकडे एकमेकींना सांभाळून घेणं हे असं होतं, त्यात भाषणं नव्हती.

आता दारांची गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यापासून सुरू झालं. वार्डात बायांचा एक सार्वजनिक संडास होता आणि त्याची दारं कधीच मोडून गेली होती. आम्ही जोडीनेच जायचो. एक आत, दुसरी बाहेर पदर पसरून उभी. पुरुषांनी नगरपालिकेत अर्ज दिले, ते गेले ते गेलेच. मग एक दिवस जुबेदाखालांनी मोडून पडलेलं एक दार हातगाडीवर घातलं, ढकलत नगरपालिकेत नेलं, थेट साहेबांच्या टेबलासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "साहेब, या दाराच्या मागं तुमी बसून दाखवा, मी अर्ज वापस घेतो." त्या दाराला एकच फळी शिल्लक होती. साहेब उठून गेले, खाला बसून राहिल्या, दुसऱ्या दिवशी माय आणि आणखी बायका जाऊन त्यांच्याशेजारी बसल्या. दारं आली. पहिल्यांदा माय तिकडून आली तेव्हा ओट्यावर बसून पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, "आतून कडी लागते व. कडी लागते." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि आज हे लिहिताना रागही येतो, की एका कडीसाठी आम्हाला इतकं कृतज्ञ व्हावं लागलं.

त्यानंतरच्या निवडणुकीत आमचा वार्ड पहिल्यांदाच बाईसाठी राखीव झाला. नानाजी इतकी वर्षं स्वतः निवडून येत होते. देवळाचे अध्यक्षही तेच, त्यामुळे देवीची माळ कोणाकडून घ्यायची हेही त्यांच्याच हातात. त्यांनी बायकोला, प्रमिलाबाईंना उभं केलं. प्रमिलाबाई वाईट नव्हत्या. त्या बोलायच्याच नाहीत, तेव्हा बऱ्यावाईटाचा प्रश्नच नव्हता. प्रचाराच्या रिक्षात त्या हात जोडून बसायच्या आणि भोंग्यावरून नानाजींचा आवाज यायचा. चिन्ह मिळालं नारळ. नानाजींना आणखी काय हवं होतं? "नारळ देवीचा, मत देवीले," एवढं एकच वाक्य घेऊन रिक्षा दिवसभर फिरायची.

खाला उभ्या राहिल्या, चिन्ह शिलाई मशीन. त्यांच्याकडची काही वडील मंडळी आली आणि म्हणाली, शुक्रवारच्या नमाजनंतर तुमच्या नावाचं एलान करतो, सगळी मतं एका जागी पडतील. मी तेव्हा तिथे काजं करत बसले होते. खालांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "ना चाचा. मैं मस्जिद की नइ, मशीन की उम्मीदवार हूँ." मंडळी चहा न घेता उठली. त्यातल्या काहींनी मग मतदानच केलं नाही, असं नंतर कानावर आलं. खालांना एवढं एक वाक्य महाग पडलं, पण ते त्यांनी मागे घेतलं नाही.

आमच्या देवळात कौल लावायची जुनी रीत होती. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवायचं, प्रश्न सांगायचा आणि वाट पाहायची. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. विहीर कुठे खोदावी, लेकीचं स्थळ घ्यावं की सोडावं, असे घरगुती प्रश्न असायचे. निवडणुकीचा कौल लावायची कल्पना नानाजींची. माळीपुऱ्यातल्या प्रत्येक घराला बोलावणं आलं. मी अकोल्याहून कॉलेजच्या सुट्टीत आले होते, माझं ते पहिलंच मतदान, म्हणून मीही मायच्या मागे जाऊन बसले. कौलाची फुलं आमच्याच टोपल्यातली. नानाजींनी मोठ्याने विचारलं, वार्डाचं भलं नारळात हाये काय? सगळ्यांचे डोळे देवीच्या खांद्यांवर. उजवं फूल पडलं. ते आपोआप पडलं की पाडलं, हे मला खूप जणांनी खोदून खोदून विचारलं आहे. मला माहीत नाही. मायने तर कधी शंकाही घेतली नाही. तिचं म्हणणं निराळं होतं, आणि ते तिने तिथेच मांडलं.

देवीचा जयजयकार झाल्यावर नानाजींनी पुढची गोष्ट सांगितली. प्रत्येक बाईने पुढे यावं, गुरवकाकांच्या हातून देवीचं कुंकू लावून घ्यावं, "देवीची आण, माहं मत नारळाले" म्हणावं आणि कुंकवाची एक पुडी घरी न्यावी. ती मतदानाच्या दिवशी सकाळी लावायची, म्हणजे आण ध्यानात राहील. बायका ओळीने उठल्या. एकेक जात होती, कपाळ पुढे करत होती, पुटपुटत होती, पुडी पदरात बांधत होती. मायची पाळी आली. गुरवकाकांचं बोट पुढे आलं आणि मायने कपाळ मागे घेतलं.

"गुरवकाका, हे कुंकू कोनाचं हाये?"

"देवीचं. अजून कोनाचं?"

"देवीचं असन तं लावा. नारळाचं असन तं राहू द्या."

सवाष्ण बाई देवीच्या कुंकवाला नको म्हणते, हे कोणी ऐकलंच नव्हतं. नानाजी खांबाला टेकून बसले होते ते सावरून बसले. "काहून शांताबाई, देवीवर विश्वास नाई काय तुमचा?"

"विश्वास हाये म्हनूनच बोलून राह्यली," माय म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "देवीनं नारळ म्हनलं, बरं हाये. ते तिचं मत झालं. पन तिचं नाव आपल्या वार्डाच्या यादीत नाई, नानाजी. माहं हाये. पेपरात रोज छापून येते, जनतेचा कौल, जनतेचा कौल. मंग जनतेले तं इचारा! आमच्या संडासाले दार नोतं तवा देवी काई बोलली नाई, आन् तुमी बी नाई बोलले."

मागून एक म्हातारी कळवळून म्हणाली, "अवं पोरी, कुंकवाले नाई म्हनू नये. नवऱ्यावर येते." सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. माझे बाबा सभेत तोंड उघडणारे नव्हते. टोपल्यावरच्या गोणपाटाची ते उगाच घडी करत होते, पुन्हा उलगडत होते. घडी हातातच ठेवून ते म्हणाले, "मी अजून जित्ता हाये ना? माहं मी पाह्यतो." एवढं बोलून ते टोपलं उचलून चालू लागले, त्यांच्यामागे माय आणि मायमागे मी. मला इतकं भरून आलं होतं की देवळाच्या पायऱ्या मला नीट दिसत नव्हत्या. बापाचा एवढा अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता आणि त्यांना ते कधी सांगितलंही नाही, म्हणून इथे सांगते.

दुसऱ्याच दिवशी देवळातला माणूस निरोप घेऊन आला, उद्यापासून माळ नको. आजोबांच्या वेळेपासूनचं काम एका वाक्यात गेलं. मायने "बरं" म्हटलं आणि दार लावून घेतलं. दार लावल्यावर ती रडली, ते आम्ही पाहिलं. घरात तेलाची धार बारीक झाली, वरणात पाणी वाढलं, बाबा अकोल्याच्या बसवर जास्त फुलं चढवू लागले. पण रोज सकाळी माय एक वीतभर माळ ओवायची आणि इतर भाविकांसारखी रांगेत उभी राहून देवीला वाहून यायची. शेजारणी विचारायच्या, आता कशाला जाते? ती म्हणायची, "माहं भांडन नानाजीशी हाये. देवीशी काहून अबोला धरू?" गुरवकाका मान खाली घालून माळ घ्यायचे आणि नानाजींची मोठी माळ घातल्यावर ही वरून दिसेल अशी घालायचे. तेवढं त्यांनी केलं.

मग बाबा पडले. पुलाच्या उतारावर सायकल घसरली, फुलांचा ढीग एकीकडे, बाबा दुसरीकडे, घोटा सुजून टम्म. गावाला हेच हवं होतं. कुंकू नाकारणारी नास्तिक, पाहा, देवीने दाखवलं! तासाभरात ही गोष्ट पाणवठ्यापासून स्टँडपर्यंत पोचली आणि पोचेपर्यंत बाबांचे दोन्ही पाय मोडले होते. बाबांनी काय करावं? हळद बांधून घेतली, काठी घेतली आणि लंगडत लंगडत भर बाजारातून फिरून आले. प्रत्येक दुकानापुढे थांबायचे आणि म्हणायचे, "राम राम. मी जित्ता हाये. उतारावर ब्रेक लागत नाई माह्या सायकलचा, देवीले काहून बदनाम करता?" असा मिश्कीलपणा त्यांच्यात आहे हे आम्हाला घरातही माहीत नव्हतं. माय म्हणाली, निवडणुकीने तुह्या बापाची वाचा फुटली.

इथे जरा आजचं सांगते. मी आता अमरावतीत राहते. गेल्या निवडणुकीआधी आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायकांना एका उमेदवाराने बस करून कौंडण्यपूरला दर्शनाला नेलं. मीही गेले. रुक्मिणीचं माहेर, मी का सोडू? दर्शन घेतलं, वर्धा नदीत पाय धुतले, पोटभर जेवले. परतताना त्याचा माणूस बसमध्ये उभा राहून म्हणाला, "काकू, लक्षात ठेवा बरं." मी म्हटलं, "ठेवलंय ना रे. भाऊ एक स्थळ ठरवून बसला होता, आणि रुक्मिणीने आपल्या पसंतीचा नवरा निवडला. तेच लक्षात ठेवलंय." बसमधल्या बायका हसल्या. तो पोरगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. लोक मला म्हणतात, काळ बदलला. मला तर फक्त पुडीची बस झालेली दिसते.

तर मतदान. तेव्हा कागदाची मतपत्रिका होती, चिन्हावर रबरी शिक्का मारायचा आणि घडी करून पेटीत टाकायची. मी माझं पहिलं मत दिलं, मायने तिचं दिलं. शाळेबाहेर नानाजींची माणसं बायकांची कपाळं पाहत उभी होती. माळीपुऱ्यातल्या सगळ्यांच्या कपाळावर पुडीतलं ठसठशीत कुंकू होतं. मायच्या कपाळावर रोजचंच, घरच्या करंड्यातलं. माझी आशा त्या रांगेकडे पाहूनच संपली. इतक्या बायकांनी आण घेतलेली, देवीची, आणि आमच्याकडे देवीची आण कोणी गंमत म्हणून घेत नाही.

मोजणीला खालांची प्रतिनिधी म्हणून मी बसले, कारण त्यांच्या बाजूने कॉलेजात जाणारी मी एकटीच. समोर नानाजींचा पुतण्या. गठ्ठे सुटले, नारळ आणि मशीन वेगळे पडू लागले, आणि मला वाटलं होतं तितका नारळाचा ढीग उंच होईना. मग एक मतपत्रिका उघडली तर तिच्यावर शिक्क्याशेजारी लाल बोट. कुंकू. नारळावर लावलेलं. अधिकाऱ्यांनी ती उलटसुलट केली आणि विचारलं, हे काय? पुतण्या खुशीत म्हणाला, "कुंकू शुभ असते साहेब, मोजा." तेवढ्यात दुसरी उघडली. तिच्यावरही शिक्का, तिच्यावरही कुंकू, पण नारळावर नाही. शिलाई मशीनवर. मग तिसरी तशीच, मग आणखी एक. कुंकवाचे नारळ तुरळक निघाले, कुंकवाच्या मशीन निघतच राहिल्या. पुतण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो ताडकन उठला, "साहेब, हे सगळे बाद करा! मतावर खूण चालत नाई."

अधिकारी म्हणाले, त्याचं बरोबर आहे. शिक्क्याशिवाय दुसरी खूण असली की मतदार ओळखू येतो, मत बाद. मी उभी राहिले. "ओळखू येतो? मग सांगा हे कोणाचं आहे. गावातल्या प्रत्येक बाईच्या पदरात हेच कुंकू आहे, ह्यांनीच वाटलं आहे. ओळखून दाखवा एकीला तरी!" त्यांनी हातातल्या मतपत्रिकेची पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, "मुली, मला कळतं. पण नियम नियम आहे." सगळी लाल मतं एका बाजूला गेली. खाला हरल्या. जेवढ्यांनी हरल्या त्यापेक्षा त्या बाजूला काढलेल्या लाल गठ्ठ्यात, नारळाची वजा करूनही, मशीनची मतं जास्त होती. मी ते दोनदा तपासून पाहिलं.

बाहेर खाला पायरीवर बसल्या होत्या. मी रडत रडत सांगितलं. त्यांनी आधी नुसतं ऐकलं, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे वाहू लागले. "या अल्ला, माह्या मशीनले कुंकू!" मग माझा दंड घट्ट धरून म्हणाल्या, "किसने लगाया, पूछना मत. कब्भी मत पूछना." मी आजपर्यंत कोणाला विचारलेलं नाही.

घरी आले तेव्हा ओट्यावर माय आणि गल्लीतल्या आठवतील तेवढ्या सगळ्या बायका बसल्या होत्या. पुडी घेतलेल्याच. कोणी गहू निवडत होती, कोणी नुसतीच. मी संतापाने सगळं सांगून टाकलं, नाव कोणाचं माहीतच नव्हतं. एकीचीही मान वर झाली नाही. सुपातले हात मात्र थांबले. मी म्हटलं, माय, या बायांनी आण मोडली आणि मग देवीची माफी मागायला कुंकू लावलं, त्या माफीने मत गेलं. मायने शेजारणीच्या सुपातला एक खडा वेचून खाली टाकला. मग म्हणाली, "माफी नाई मागतली व त्यायनं. माफी मागाची असती तं नारळालेच शिक्का मारला असता. त्यायनं देवीले सोबत नेलं." ते ऐकून एका बाईने पदराने डोळे टिपले. कोण ते मी लिहिणार नाही.

तेवढ्यात ताशे वाजू लागले. विजयाची मिरवणूक आमच्याच गल्लीतून काढली होती, हेही नेम धरूनच. गुलाल, हार, पुढे नानाजी, मागे ट्रॅक्टरवर हात जोडून प्रमिलाबाई. आमच्या ओट्यासमोर नानाजींनी हात वर केला. ताशे थांबले.

"काय शांताबाई," ते हसत म्हणाले, "देवीनं सांगतलं तेच झालं का नाई?"

माय उठली. मला वाटलं ती आत जाईल. ती ओट्याच्या काठावर आली.

"तुमचा पुतन्या होता मोजनीले, त्याले इचारा," ती म्हणाली. "देवीचं फूल नारळाकडं पडलं, ते समद्यायनं पाह्यलं. पन देवीचं कुंकू मशीनवर पडलं, नानाजी. तुमीच वाटलेलं कुंकू. आता मले सांगा, कौल कोनता धराचा?"

पुतण्या ट्रॅक्टरच्या चाकाकडे पाहत होता. नानाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या बायकांकडे पाहिलं, एकीकडून दुसरीकडे, कपाळावरून कपाळावर. प्रत्येकीच्या कपाळावर पुडीतलं उरलेलं तेच कुंकू. कोण आपली, कोण परकी, त्यांना ओळखू येईना. गुलालाने माखलेला तो चेहरा मला अजून दिसतो. निवडून आलेला माणूस एवढा घाबरलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

मायला त्यांच्या उत्तराची गरज नव्हती. तिने त्यांच्याकडे पाठ केली आणि मिरवणुकीतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ओट्यावरच्या बायकांना म्हणाली, "बायांनो, पुढच्या टाइमाले कुंकू कपाळालेच लावा. कागदाले फकस्त शिक्का."